तार कापली, घड्याळ राहिलं

छोट्या उपकरणांसाठी लिहिलेला टीसीपीचा थर आमच्याकडे तपासायला आला तेव्हा त्याच्या सगळ्या टेस्ट पास होत होत्या. तरीही गिऱ्हाइकाकडे एखादं कनेक्शन अधूनमधून गोठायचं, आणि उपकरण बंद करून चालू केलं की तक्रार गायब! टेस्ट चालायच्या लूपबॅकवर, दोन्ही टोकांना तोच कोड. तिथे पॅकेट वाटेत हरवत नाही. आणि एखादं गणित दोन्हीकडे सारखंच चुकलं, तर अळीमिळी गुपचिळी.

दोष निघाला सीक्वेन्स नंबरच्या तुलनेत. हा आकडा ३२ बिटांचा. ४,२९,४९,६७,२९५ झाले की पुन्हा शून्य. कोडमध्ये तुलना साधी लहान-मोठ्याची होती, त्यामुळे शून्य ओलांडल्यावर आलेला नवा डेटा जुना समजून फेकला जायचा. ३२ बिटांतच वजाबाकी करून उत्तराचं चिन्ह पाहिलं की काम झालं. पण सुरुवातीचा आकडा कनेक्शनगणिक वेगळा आणि टेस्टमधला डेटा चिमूटभर, तेव्हा शून्य ओलांडायची वेळ येणार कधी?

म्हणून सांगतो, नेटवर्क कार्डाच्या जागी नकली थर बसवला म्हणजे घटक सुटा झाला असं समजू नका. घड्याळ आणि सुरुवातीचा आकडाही बाहेरून द्या. 'आता वेळ अमुक, हे पॅकेट आलंय' एवढंच त्याला कळवायचं आणि तो काय पाठवतो ते बघायचं. आरएफसी ६२९८ नुसार सुरुवातीचा रिट्रान्समिशन टायमर १ सेकंदाचा, दर वेळी दुप्पट होणारा. सहा टाइमआउट म्हणजे ६३ सेकंद. खऱ्या घड्याळावर अशी टेस्ट कोण लिहीत बसणार?

लिनक्स कर्नलमधली एक खोडी मला फार आवडते. त्यातला जिफीज हा काळमोजणीचा आकडा शून्यापासून सुरूच होत नाही. ३२ बिटांची मर्यादा बूटनंतर पाच मिनिटांत ओलांडली जाईल, असा तो मुद्दाम ठेवलाय. तुम्हीही सुरुवातीचा सीक्वेन्स नंबर कमाल मर्यादेच्या किंचित अलीकडे ठेवा.

नकली थराने पॅकेट हरवावं, दोनदा द्यावं, उलटसुलट द्यावं. मात्र रँडम सीड लॉगमध्ये हवाच, नाहीतर फसलेली टेस्ट पुन्हा फसवता येत नाही. समोरच्या टोकाला आपलाच कोड नको, टीसीपीडंपने पकडलेली परक्या स्टॅकची पॅकेट भरवा.

एमटीयूच्या आणि ड्रायव्हरच्या भानगडी यातून सापडणार नाहीत. त्यांतल्या एमटीयूसाठी दोन नेटवर्क नेमस्पेस, मधे व्हेथची जोडी आणि हवी तर नेटेमची गळती. ड्रायव्हरला मात्र खरं कार्डच लागतं. या टेस्ट रात्रीच्या बिल्डमध्ये घाला, दर कमिटला नको.