दारात समुद्र, चाकं डांबरावर

मोटरहोम घेऊन कोकणात निघालेल्यांच्या डोक्यात एक चित्र ठरलेलं असतं. गाडी थेट वाळूवर, समोर लाटा, बाजूला दोन घडीच्या खुर्च्या. ते आधी डोक्यातून काढून टाका. तीन-साडेतीन टनांची गाडी ओल्या वाळूत एकदा बसली, की जितका एक्सिलरेटर दाबाल तितकी ती खाली जाते, आणि गावातून ट्रॅक्टर येईस्तोवर भरती चाकांना लागलेली असते. शिवाय नोव्हेंबर ते मार्च या काळात रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत खड्डा करून अंडी घालतात. वरून काही दिसत नाही, पण चाकाखाली वाळू दाबली जाते ती जातेच. गाडी डांबरावर किंवा जांभ्याच्या पक्क्या जमिनीवर ठेवायची आणि समुद्राकडे पायांनी जायचं. तेवढं ठरवलं की उरलेला दिवस सोपा आहे.

पहिल्या फेरीसाठी मी गुहागर सुचवेन. केळशी, आंजर्ले सुंदर आहेत, पण तिथल्या गल्ल्या जांभ्याच्या गडग्यांमधून जातात आणि वर फणसाच्या फांद्या व विजेच्या तारा. साडेनऊ-दहा फूट उंचीची गाडी तिथे घालणं म्हणजे एकाने पुढे उतरून काठीने तारा बघत चालणं. गुहागरला मात्र कराड-चिपळूणकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग थेट गावात संपतो. पुणेकरांनी उंब्रज-पाटण-कुंभार्ली घाट-चिपळूण असं यावं, मुंबईकरांनी मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूणला. दापोलीकडून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येता येतं, पण आधी फोन करून गाडीची लांबी सांगा. चाकांमागचा भाग लांब असेल तर रॅम्पवर चढता-उतरताना बंपर घासतो. गाडीची उंची, लांबी फूट-इंचांत कागदावर लिहून ड्रायव्हरच्या समोर चिकटवून ठेवा.

गावाची रचना मोटरहोमवाल्यांच्या सोयीची आहे. किनाऱ्याला समांतर एक लांब रस्ता, रस्त्याला लागून घरं, आणि घरांमागे समुद्रापर्यंत गेलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या. पर्यटकांची सोय करणारी बरीच घरं आहेत. त्यांच्याकडे खोली घेण्याऐवजी आवारात रात्रभर गाडी लावू द्याल का, असं सरळ विचारायचं. पाणी, वीज आणि न्हाणीघर यांचे पैसे आपणहून आधी बोलायचे. फुकटात जागा मागणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही, आणि पुढच्या मोटरहोमवाल्याची वाटही तोच बंद करतो. रात्री किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागेत गुपचूप मुक्काम ठोकू नका.

गाडी माडाखाली लावू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं. नारळ पडायला मुहूर्त बघत नाही आणि पुढची काच महाग असते. सुरूची सावली चांगली, आंब्याची उत्तम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोंड कुठे करायचं. आपल्याकडच्या गाड्यांचं दार बहुधा डाव्या हाताला असतं. तोंड दक्षिणेला केलंत, तर दार पूर्वेला येतं. कोकणचा किनारा पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर सगळं ऊन समुद्राच्या बाजूने येतं आणि गाडीचीच सावली दारासमोर पडते. दुपारी सुटणारा खारा वारासुद्धा त्याच बाजूने येतो, म्हणजे दाराशी ठेवलेली शेगडी विझत नाही. उजवीकडच्या खिडक्यांना पडदे ओढा, पण फट ठेवा, वारा आत फिरला पाहिजे. दारावरचं कापडी छत उघडं टाकून समुद्रावर जाऊ नका. वाऱ्याचा जोर वाढला की त्याचे पाय वाकतात.

आता दिवस कधीचा निवडायचा? इथे हवामानाच्या ॲपआधी कालनिर्णय बघा. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पंधरवडा संपला की पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक नव्हे. नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता बघावा, पण सहल ठरवायला एवढं पुरतं.

हिशेब करून बघितलात, तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. चांदण्याच्या मोहाने सगळे पौर्णिमेच्या आसपास निघतात. तेव्हा समुद्राला उधाण असतं, दुपारी भरती संपते आणि बारानंतर संध्याकाळपर्यंत पाणी जोरात मागे हटत राहतं. लोक डुंबायला उतरतात ते नेमके चार ते सहा या वेळात, म्हणजे पाणी आत ओढत असताना. सप्तमी-अष्टमीला उलट असतं. सकाळपासून ओहोटी, साडेअकरा-बारापर्यंत रुंद, कडक, चालायला सुरेख वाळू. मग दुपारपासून भरती हळूहळू चढते आणि भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती असल्याने जोरही कमी. संध्याकाळचं डुंबणं चढत्या पाण्यात होतं. मुलं बरोबर असतील तर सप्तमी-अष्टमीच्या जवळचा शनिवार निवडा. तरीही पाणी कमरेपर्यंतच, आणि उतरण्याआधी गावातल्या माणसाला जागा विचारून. गणपतीपुळ्यासारख्या धोक्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर तर पाय भिजवण्यापलीकडे जाऊच नका.

हेदवीची बामणघळ, जिथे भरतीचं पाणी खडकाच्या भेगेत घुसून उंच उसळतं, ती मात्र उधाणाच्या भरतीला बघावी. एकाच फेरीत दोन्ही साधत नाही. ती दुसऱ्या वेळेला ठेवा.

दिवसाचा क्रम ऊन ठरवतं. सूर्य वाड्यांमागून उगवतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ माडा-सुरूंची सावली वाळूवर असते. चालणं, खेळणं सगळं तेव्हा. साडेदहानंतर परत गाडीत. मोटरहोमचा खरा फायदा हा दुपारचा आहे. हॉटेलच्या खोलीसाठी चेक-इनची वाट बघावी लागत नाही, ओल्या कपड्यांनी कारच्या सीटवर बसावं लागत नाही. आंघोळ, जेवण, झोप, आणि साडेतीन-चारला पुन्हा वाळूवर. जेवण घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आधीच. गाडीत मासे तळण्याचा हट्ट सोडा, तो वास परतीच्या घाटातही सोबत करतो. चहा, पोहे, कोकम सरबत एवढंच गाडीतल्या स्वयंपाकघराचं काम. एसीसाठी वीज यजमानांकडून घ्या, आधी अर्थिंग तपासा, आणि जनरेटर गावात चालवू नका.

वाळू आत येणारच, पण दारात पाण्याचा टब आणि जुनं पोतं ठेवलं तर निम्मी बाहेर राहते. पाण्याची टाकी निघण्याआधी भरून घ्या. एप्रिल-मेमध्ये गावाच्या विहिरींवर ताण असतो, तेव्हा मागतानाही विचार करा. त्या महिन्यांत घामही असा येतो, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ मी सांगेन. शौचालयाची टाकी समुद्रात किंवा झाडीत रिकामी करणं ही शुद्ध बेशरमी आहे. यजमानांच्या संडासात, त्यांची परवानगी घेऊन आणि त्यांना मान्य असेल ते रसायन वापरूनच ती रिकामी करायची. परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. खारी हवा बिजागऱ्या आणि सायलेन्सर आधी खाते.

आणि भाड्याची मोटरहोम असेल तर ती बहुधा ड्रायव्हरसकट मिळते. तो रात्री कुठे झोपणार, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. स्टीअरिंगमागच्या सीटवर रात्र काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुम्हाला कुंभार्ली घाट चढवणार असतो. त्याच्यासाठी त्याच घरात एक खोली घ्या.