उशीखालची बिस्किटं

प्रश्न : वर्षापूर्वी आम्ही सहा वर्षांची मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ दत्तक घेतले. पोटभर जेवूनही मुलगी उशीखाली बिस्किटं लपवते. सासूबाई म्हणतात, वळणच नाही. सहामाही भेटीला येणाऱ्या समाजसेविकेला हे सांगितलं तर मुलं परत नेतील का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, ही चोरी नव्हे, बेगमी आहे. उद्या खायला मिळेल की नाही, ही धास्ती तिच्या मनातून अजून गेलेली नाही. त्याला एक वर्ष पुरतंच असं नाही. उशीची झडती घेऊ नका, भावासमोर तर विचारूच नका. तिच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा. चणे, लाडू, काहीही. तो रिकामा राहू द्यायचा नाही आणि तिला परवानगी मागायला लावायची नाही. (मुंग्या लागतील, चालेल.)

समाजसेविकेला जरूर सांगा. दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी होणारी ही भेट तुम्हाला आधार देण्यासाठीही असते. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश झाला की मुलं कायद्याने तुमचीच. बिस्किटांपायी कोणी नेत नाही. मात्र उलटी होईपर्यंत खाणं किंवा झोप उडणं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

आणि डबा भरायचं काम सासूबाईंकडे द्या.