मिलेत बंदरावरील निरोप
(प्रेषितांचीं कृत्यें २०:१७–३८)

पेंटेकॉस्टच्या सणास यरुशलेमांत पोहोंचण्याची पौलाला घाई होती. तरी मिलेत येथें थांबून त्यानें इफिस येथील मंडळीच्या वडिलांस बोलावून घेतलें. आपलें तोंड पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडणार नाहीं, हें त्यानें त्यांच्यापासून लपविलें नाहीं.

त्याच्या भाषणांत तीन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली, त्यानें आपला हिशेब उघड मांडला: तीन वर्षें अश्रू गाळीत बोध केला, कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरिला नाहीं, व स्वतःच्या हातांनीं कष्ट करून आपली व सोबत्यांची गरज भागविली. दुसरी, पुढील धोका सांगितला: क्रूर लांडगे येतील, इतकेंच नव्हे, तर तुमच्यांतूनही माणसें उठतील. तिसरी, त्यानें त्यांस देवाच्या व त्याच्या कृपावचनाच्या हवालीं केलें.

ही तिसरी गोष्ट आम्हांस कठीण वाटते. आवडता पाळक बदलून गेला कीं उपासनेस येणारे कमी होतात. मग आम्ही देवाचे होतों कीं पाळकाचे? इफिसकर वडील रडले, पौलाच्या गळ्यांत पडले, व त्यांनीं त्याला तारवापर्यंत पोहोंचविलें. रडण्यांत पाप नाहीं. परंतु तारूं गेल्यावर कळप राखण्याचें काम त्यांच्यावरच होतें. आमच्या गांवांत तें आमच्यावर आहे.