यंत्राला काम सांगावे कसे?
(जाहिरातीसाठी एआय चॅटबॉटला सूचना लिहिण्याचा पाठ : इयत्ता नववी व दहावी)



आपल्या शाळेच्या माता-पालक मंडळाची दिवाळी फराळ विक्री तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. त्यातून उरणारी रक्कम गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी आणि वह्या-पुस्तकांसाठी वापरली जाते. त्यामुळे किती डबे विकले गेले, याची काळजी आपल्या सगळ्यांनाच असते. गेल्या वर्षी जाहिरातीचा मजकूर आम्ही शिक्षकांनी प्रथमच एआय चॅटबॉटकडून लिहून घेतला. वेळ वाचला, पत्रकही छान दिसले. पण आमच्या हातून एक चूक झाली. त्या चुकीतून आम्ही जे शिकलो, तेच या पाठात मांडत आहोत.

झाले असे. आम्ही चॅटबॉटला लिहिले, ‘खजुराच्या आरोग्यदायी लाडवांची आकर्षक जाहिरात लिही.’ काही सेकंदांत मजकूर आला. त्यात ‘साखरमुक्त’ आणि ‘मधुमेहींसाठी उत्तम’ असे शब्द होते. आम्ही तो घाईत वाचला, आवडला आणि पालकांच्या गटावर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीचे आजोबा शाळेत आले. म्हणाले, ‘‘सर, लाडू खरंच बिनसाखरेचे आहेत ना? एक डबा मी माझ्यासाठीच घेतोय. मला मधुमेह आहे.’’ आम्ही लाडू करणाऱ्या मातांना विचारले, तर त्यांत गूळ होता. शिवाय खजुरात मुळातच भरपूर साखर असते. आजोबांना खरे ते सांगितले, त्यांची क्षमा मागितली आणि त्याच संध्याकाळी सर्वांना दुरुस्ती कळवली. पण आजोबांनी विचारलेच नसते तर?

दोष यंत्राचा की आमचा? दोन्हींचा थोडा थोडा. मात्र जबाबदारी पूर्णपणे आमची होती, कारण पत्रकावर नाव शाळेचे होते.

चॅटबॉट लिहितो कसा?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर जेमिनी, क्लॉड असे इतरही चॅटबॉट आले. या सर्वांच्या मुळाशी ‘भाषा-प्रतिमान’ असते. प्रचंड प्रमाणात मजकूर वाचवून त्याला एक गोष्ट शिकवलेली असते : आतापर्यंतचे शब्द पाहून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे. जाहिरातींच्या भाषेत ‘आरोग्यदायी’ या शब्दाच्या शेजारी ‘साखरमुक्त’ हा शब्द वारंवार येतो. म्हणून यंत्राने तो लिहिला. आपल्या लाडवांत काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही सांगितलेच नव्हते.

अशी फसगत मोठमोठ्यांचीही होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने आपल्या ‘बार्ड’ या चॅटबॉटची जाहिरात केली. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचे पहिले छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने घेतले, असे उत्तर त्या जाहिरातीत बार्डने दिले होते. प्रत्यक्षात असे पहिले छायाचित्र २००४ मध्ये चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपने घेतले होते. चूक उघड होताच कंपनीच्या समभागांचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरले. जाहिरात चॅटबॉटचीच, आणि चूकही त्याच्याच उत्तरातली!

शिंप्याचे उदाहरण

चॅटबॉटला आपण जी लेखी सूचना देतो, तिला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. शिंप्याकडे कापड टाकून ‘काहीतरी छान शिवा’ एवढेच सांगितले तर काय होईल? तो आपल्या अंदाजाने काहीतरी शिवेल आणि ते कोणाच्याच अंगाला नीट बसणार नाही. माप द्यावे लागते, कोणासाठी ते सांगावे लागते, जुना सदरा नमुन्याला द्यावा लागतो. चॅटबॉटचेही तसेच आहे. आम्ही सहा मापे ठरवली आहेत. ती वहीत उतरवून घ्या.

१. काम आणि हेतू : काय लिहायचे, आणि ते वाचून माणसाने काय करावे? ‘जाहिरात लिही’ एवढे पुरेसे नाही. ‘वाचणाऱ्याने शुक्रवारपर्यंत नाव नोंदवावे’ हा हेतू झाला.

२. ग्राहक : कोणासाठी लिहायचे? ग्राहक कुठे राहतो, त्याची अडचण कोणती, तो आज ही वस्तू कुठून घेतो?

३. खरी माहिती : घटक, वजन, किंमत, दिवस, ठिकाण. ही सगळी आपणच पुरवायची. येथे कंजुषी केली की यंत्र मोकळ्या जागा कल्पनेने भरते.

४. स्वरूप : व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश, फलकावरील ओळ की पत्रक? किती शब्द?

५. भाषा आणि नमुना : बोलीभाषा की औपचारिक? आपल्याला आवडलेला एखादा स्वतःचा जुना मजकूर नमुन्यादाखल दिला, तर वर्णनाच्या दहा ओळींपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

६. मर्यादा : काय नको ते स्पष्ट सांगायचे. आणि ‘माहिती नसेल तर मला विचार, स्वतः बनवू नको’ ही ओळ कधीही विसरायची नाही.

एक उदाहरण

बडोद्यात चिवडा विकणे सोपे नाही. बटाट्याचा कीस आणि चण्याची डाळ घालून केलेला, मऊसर, आंबटगोड लीलो चेवडो येथे घराघरांत आवडीने खातात. अशा गावात आपल्याला पातळ पोह्यांचा कुरकुरीत चिवडा विकायचा आहे. ‘चिवड्याची जाहिरात लिही’ या सूचनेवर ‘आमच्या चिवड्यासोबत आपल्या दिवाळीला पुढील स्तरावर घेऊन जा’ असा मजकूर आला. अशी मराठी तुमच्या घरी कोणी बोलते का? मग आम्ही पुढीलप्रमाणे लिहिले :

‘आम्ही बडोद्यातील एका मराठी शाळेचे माता-पालक मंडळ आहोत. पालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी संदेश लिही. हेतू : त्यांनी शुक्रवारपर्यंत चिवड्याची नोंदणी करावी. वाचणारे : शाळेजवळची मराठी कुटुंबे, बहुतेक घरी आई-वडील दोघेही नोकरी करतात, फराळ करायला वेळ मिळत नाही. एरवी ते बडोद्याचा लीलो चेवडो खातात. माहिती : पातळ पोहे, शेंगदाणे, डाळे, सुके खोबरे, कढीपत्ता, शेंगदाणा तेल, अर्धा किलोचा डबा २०० रुपये, नोंदणी शाळेच्या कार्यालयात ११ ते ४, उरलेली रक्कम विद्यार्थ्यांच्या फीसाठी. साधी, घरगुती मराठी. ६० शब्दांच्या आत. आरोग्याविषयी कोणताही दावा नको. “सर्वोत्तम”, “अप्रतिम” असे शब्द नकोत. येथे न दिलेली माहिती घालू नको. काही कमी असेल तर आधी विचार.’

यावर आलेल्या संदेशाची सुरुवात अशी होती : ‘लीलो चेवडो तर वर्षभर असतोच, दिवाळीला मात्र पातळ पोह्यांचा चिवडा हवा.’ ही ओळ यंत्राला सुचली, कारण ग्राहक काय खातो हे आम्ही सांगितले होते. जाहिरातीचे निम्मे यश ग्राहकाला ओळखण्यात असते, आणि ते काम यंत्राचे नाही. त्यासाठी गल्लीत, बाजारात, शेजारी बोलावेच लागते.

पहिले उत्तर शेवटचे नसते

याच संदेशात ‘ताजा’ हा शब्द आला होता. चिवडा आपण चार दिवस आधी करतो. म्हणून आम्ही पुन्हा लिहिले, ‘“ताजा” शब्द काढ आणि पहिली ओळ तशीच ठेवून तीन निरनिराळे शेवट दे.’ अशा दोन-तीन फेऱ्या कराव्यात. प्रत्येक फेरीत ‘आणखी चांगले कर’ असे मोघम न सांगता नेमके काय बदलायचे ते सांगावे. कधी उलटही करून पाहावे : ‘लिहिण्यापूर्वी तुला लागणारे पाच प्रश्न मला विचार.’ त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपलीच तयारी किती कमी होती, हे कळते.

आलेला मजकूर मोठ्याने वाचून पाहा. जिथे जीभ अडखळते, तिथे भाषा भाषांतराची असते. यंत्रांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा अगदी थोडा असतो, म्हणून हे घडते. शेजारच्या गुजराती कुटुंबांसाठी यंत्राकडून गुजराती मजकूर घेतलात, तर तो एखाद्या गुजराती काकींना दाखवल्याशिवाय पाठवू नका.

पाठवण्यापूर्वी

यंत्राने लिहिलेल्या मजकुरातील प्रत्येक दाव्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि स्वतःला विचारा, ‘हे मला कसे माहीत?’ उत्तर नसेल तर ते वाक्य खोडा. हा केवळ सभ्यतेचा भाग नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘चॅटबॉटने लिहिले’ असे म्हणून सुटका होत नाही. कॅनडात एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने कंपनीलाच जबाबदार धरले आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली.

आणखी एक पथ्य. पालकांची नावे, दूरध्वनी क्रमांक, कोणाच्या फीची अडचण आहे अशी माहिती चॅटबॉटमध्ये कधीही टाकू नका. जाहिरात लिहायला ती लागत नाही. तसेच या सेवांना वयाच्या अटी असतात, म्हणून घरी हा सराव पालकांच्या देखत करावा.

पालक आणि विश्वस्तांस विनंती

पुढील वर्षीच्या प्रवेशाचे पत्रकही चॅटबॉटच्या मदतीने करावे, अशी सूचना आली आहे. मराठी माध्यमाच्या वर्गांना मुले मिळवणे किती कठीण झाले आहे, हे आपण जाणताच. अशा वेळी दोन-चार गोड शब्द वाढवून घ्यावेत असा मोह होतो, आणि यंत्र तर ते मागण्याआधीच देते. आमची विनंती एवढीच की, पत्रकासाठीची माहिती प्रथम आपण कागदावर लिहावी : वर्ग किती, शिक्षक किती, ग्रंथालय कोणत्या दिवशी उघडे असते. यंत्राने ती नीट मांडावी, त्यात भर घालू नये. पत्रक वाचून आलेले पालक वर्ग पाहायला येतील, तेव्हा त्यांना तेच दिसले पाहिजे.

ते आजोबा यंदाही आले होते. त्यांनी चिवड्याचे दोन डबे नोंदवले आणि विचारले, ‘‘यात काय काय आहे?’’ आम्ही पत्रक पुढे केले. सगळे त्यात लिहिलेले होते.

स्वाध्याय

१. ‘शाळेच्या स्नेहसंमेलनाची जाहिरात लिही’ ही सूचना सहा मापे वापरून पुन्हा लिहा.

२. घरी आलेल्या कोणत्याही एका जाहिरातीतील दाव्यांखाली रेघ ओढा. किती दावे तपासता येतात?

३. घराजवळच्या एका दुकानदाराशी बोला. त्याच्या ग्राहकाचे वर्णन पाच ओळींत लिहा. (हे काम चॅटबॉटशिवाय करावयाचे आहे.)