शीर्षासन : आधी विचारपूस, मग अभ्यास

शीर्षासनास आसनांचा राजा म्हणतात. त्यामुळे नवशिक्या साधकासही ते लवकर साधावे असा मोह होतो. परंतु या आसनातील धोका करतेवेळी जाणवतोच असे नाही. म्हणून विचारपूस आधी हवी.

चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील तज्ज्ञांनी ७५ योगसाधकांच्या डोळ्यांची शीर्षासनात तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या स्थितीत डोळ्यांतील दाब सर्व वयोगटांत सुमारे दुप्पट होतो आणि आसन संपेपर्यंत तसाच राहतो. या साधकांत कायमच्या वाढीव दाबाचे प्रमाण मात्र अधिक आढळले नाही, ही दिलाशाची बाब. तथापि, निरोगी डोळ्यास जे सोसते ते काचबिंदू झालेल्या डोळ्यास सोसेलच असे नाही. काचबिंदू बहुधा वेदनेवाचून वाढतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. 'मला काही त्रास नाही' एवढे उत्तर म्हणूनच पुरेसे ठरत नाही. चाळिशीनंतर हे आसन शिकू इच्छिणाऱ्यांनी नेत्रतपासणी व रक्तदाबाची तपासणी अवश्य करून घ्यावी.

काचबिंदू, दृष्टिपटलाचे विकार, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मानेच्या मणक्यांची झीज अथवा हाडांचा ठिसूळपणा असणाऱ्यांनी शीर्षासन टाळावे. गर्भवती स्त्रियांनी ते नव्याने सुरू करू नये.

याच चेन्नईत योगाचार्य टी. कृष्णम्माचार्य (१८८८–१९८९) यांनी उत्तरायुष्यात अध्यापन केले. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार हे त्यांचेच शिष्य. कृष्णम्माचार्य व्यक्तीचे वय, प्रकृती व दिनक्रम पाहून तिला साजेसा अभ्यास देत. त्यांचे पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांनी १९७६ मध्ये स्थापिलेल्या कृष्णम्माचार्य योग मंदिरम् या संस्थेने हीच दृष्टी पुढे नेली. आसन व्यक्तीला जुळवावयाचे, व्यक्तीला आसनात कोंबावयाचे नाही, हे तिचे सार होय.

प्रत्यक्ष अभ्यास रिकाम्या पोटी व जाणत्या शिक्षकासमोर करावा. भिंतीलगत कांबळ्याची घडी अंथरावी. कोपरे खांद्यांइतक्या अंतरावर टेकून बोटे गुंफावीत. भार मुख्यतः बाहूंवर घ्यावा व खांदे कानांपासून दूर उचललेले ठेवावेत. पाय जमिनीवरच ठेवून ही स्थिती काही आठवडे स्थिर करावी. मग गुडघे दुमडून पाय सावकाश उचलावेत. झटका देऊ नये. आरंभी चार-पाच श्वास पुरेत. त्याच क्रमाने खाली येऊन डोके टेकलेलेच ठेवून विसावा घ्यावा; एकदम उठल्यास घेरी येते. मान दुखणे, हातास मुंग्या येणे, डोळ्यांवर ताण वा श्वास अडखळणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे.

शिकविणाऱ्याची जबाबदारी अधिक मोठी आहे. त्याने प्रत्येकास पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया व चालू औषधे स्वतंत्रपणे विचारावीत. चारचौघांत खरे सांगण्यास अनेकजण संकोचतात. कोणाचेही पाय ओढून वर नेऊ नयेत. आसन किती वेळ टिकले यापेक्षा श्वास किती शांत आहे, हे पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'हे आसन आपल्यासाठी नाही' असे स्नेहाने सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी असावे. शीर्षासन न करताही योगसाधना पूर्ण होऊ शकते, हे साधकास पटवून देणे हाही अध्यापनाचाच भाग होय.