गुडघ्याचं लिगामेंट : एमआरआयच्या फिल्ममध्ये डॉक्टर काय शोधतात?

कबड्डीत पाय रोवलेला असताना अंग वळलं, आतून ‘खट्’ आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, की आपल्याकडे आधी मालीश होते आणि मग एक्सरे. मालीश तर नकोच. बर्फाचा शेक आणि आराम द्या. एक्सरेत ‘हाड मोडलेलं नाही’ असं कळलं की घरचे निश्चिंत होतात. पण एक्सरेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा एक दोर असतो, त्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. तो पूर्ण तुटला तरी एक्सरे साफ येऊ शकतो.

तरी एक्सरे वाया जात नाही. दोराने हाडाचा कपचा ओढून काढला आहे का, हे त्यात दिसतं. 13-14 वर्षांच्या मुलांमध्ये हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी अजून उघडी आहे का, तेही दिसतं. उघडी असेल तर हाडात बोगदा पाडताना सर्जनला फार जपावं लागतं, नाहीतर पाय वाकडा किंवा आखूड वाढू शकतो. म्हणून डॉक्टरांना मुलाचं खरं वय सांगा, संघात घेण्यासाठी लावलेलं नव्हे.

लिगामेंट दिसतं ते एमआरआयमध्ये. हे मशीन चुंबकावर चालतं, त्यात एक्सरेचे किरण नसतात. साधारण अर्धा तास न हलता पडून राहायचं, आवाज मोठा येतो. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर आधीच सांगा.

फिल्म पाहताना दोर पूर्ण तुटला की अर्धवट, एवढंच सर्जन बघत नाहीत. खरी नजर असते गादीवर, म्हणजे दोन हाडांमधल्या मऊ चकतीवर. गादी फाटून सांध्यात अडकली असेल तर गुडघा सरळच होत नाही. अशा वेळी महिनोन् महिने थांबू नये. गादी शिवावी लागली तर ऑपरेशननंतर साधारण 4 ते 6 आठवडे पायावर भार टाकण्यावर आणि गुडघा वाकवण्यावर बंधनं येऊ शकतात. हातावर पोट असलेल्या घराला हे आधी कळायला हवं. म्हणून “गादी शिवावी लागेल का? कामावर कधी जाता येईल?” हे ऑपरेशनच्या तारखेआधीच विचारा.

नवा दोर बहुधा आपल्याच मांडीच्या मागच्या स्नायूच्या शिरेतून किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्यातून घेतात. त्या शिरा किती जाड आहेत याचा अंदाजही एमआरआयवरून येतो. वाटीखालचा पट्टा घेतला तर पुढे गुडघे टेकताना दुखण्याची शक्यता जास्त. फरशी बसवणारा, गुडघ्यावर बसून लादी पुसणारी ताई, यांनी आपलं काम काय ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. फिल्ममध्ये ते लिहिलेलं नसतं.

रिपोर्टमध्ये ‘टिअर’ शब्द दिसला म्हणजे ऑपरेशन ठरलं असं नाही. पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही गादी झिजून फाटलेली दिसते. डॉक्टरांनी हाताने गुडघा हलवून तपासला का, हे बघा. नुसता कागद वाचून ऑपरेशन सांगत असतील तर दुसरा सल्ला घ्या. चालताना गुडघा निसटत नसेल तर पुष्कळांचं व्यायामावर भागतं. ऑपरेशन करायचं ठरलं तरी बहुतेकदा सूज उतरून पाय पूर्ण सरळ होईपर्यंत थांबतात, त्यामुळे घाईत कर्ज काढू नका. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटून योजनेत काय बसतं ते विचारा.

एमआरआयची सीडी मागून घ्या, फिल्मची घडी घालू नका. ऑपरेशननंतरचा एक्सरेही जपा. पुढे दोर पुन्हा तुटलाच, तर जुने बोगदे कुठे आहेत हे त्यावरूनच पाहतात आणि गरज पडली तर सीटी स्कॅन काढतात.