कोड कुठे ठेवायचा?

चि. बाळ,


तुझ्या मराठी शुद्धलेखन तपासनिसाचा कोड गिटहबवर ठेवू, गिटलॅबवर की कोडबर्गवर, असं विचारलंस. सोयीसुविधा तू ताडून पाहिल्याच आहेस. मी एवढंच सांगेन, की उद्या ती जागा सोडावी लागली तर बरोबर काय नेता येईल, हे आधी बघ.

अशी वेळ भल्याभल्यांवर आली आहे. गूगल कोड २००६मध्ये सुरू झालं आणि जानेवारी २०१६मध्ये बंद पडलं. गिटोरियस २०१५मध्ये गिटलॅबने विकत घेतलं आणि काही महिन्यांत बंद केलं.

कोडची चिंता नाही. पूर्ण क्लोन घेतला की सगळा इतिहास हाती येतो. पण इश्यू आणि पुल रिक्वेस्टखालची चर्चा गिटमध्ये नसते, ती त्या संकेतस्थळाच्या डेटाबेसात राहते. समजा, 'कवी'मधली 'वी' दीर्घ, पण 'कविसंमेलन'मधली 'वि' ऱ्हस्व. हा नियम घालताना तू कमिटमध्ये नुसतं '#४२ पाहा' लिहिलंस आणि तो इश्यूच गेला, तर पुढच्या माणसाला ती अट चूक वाटेल आणि तो ती काढून टाकेल. म्हणून कारण कमिटमध्येच लिही, पूर्ण वाक्यात.

मनाने मी कोडबर्गच्या बाजूचा. बर्लिनची ना-नफा संस्था ते चालवते आणि त्यामागचं फोर्जेओ हे सॉफ्टवेअरही मुक्त आहे. गिटहबचा स्वतःचा कोड बंदिस्त, आणि २०१८पासून मालकी मायक्रोसॉफ्टची. हे मला खटकतं. तरीही तू गिटहबच घे. तुला मदत करणार ती कॉलेजातली मुलं, त्यांची खाती तिथेच असतात. पहिलाच बदल पाठवणाऱ्याला आणखी एक खातं उघडायला लावलं, तर तो तिथूनच परत फिरतो. गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, ग्नोमने तसंच केलं, पण अपडेट, बॅकअप, स्पॅम हे सगळं एकट्याने निस्तरणं तुला जड जाईल.

कोडबर्गवर मिरर मात्र ठेव. चाचण्या रेपोतल्या एका स्क्रिप्टमधून चालव; गिटहब ॲक्शन्सने फक्त ती स्क्रिप्ट चालवावी. इश्यूंची प्रत अधूनमधून उतरवून घे.

आणि परवान्याची फाइल आजच टाक. ती नसेल, तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी तो वापरायची कायदेशीर मुभा कुणाला मिळत नाही.

तुझा,
मामा